क्लिनिकल ट्रायलची एथिक्स कमिटी कशी बनते, कशी चालते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते. ट्रायलमध्ये नाव घालायला सांगितलेले पेशंट, त्यांचे नातेवाईक, कमिटीवर येण्याचं निमंत्रण आलेले शिक्षक आणि वकील, तालुक्याच्या गावातले डॉक्टर अशा सगळ्यांकडून साधारण हेच प्रश्न येतात. नियम अर्थातच भारतातले दिले आहेत.

एथिक्स कमिटी म्हणजे नक्की काय?

नवीन औषध, लस किंवा उपचार माणसांवर तपासून पाहायचा असेल, तर त्याआधी कागदपत्रं वाचून "हे करणं योग्य आहे का, पेशंटला धोका किती, त्याला सगळं नीट सांगितलं जाणार आहे का" हे ठरवणारी समिती. ट्रायल चालू असताना लक्ष ठेवणं आणि गरज पडली तर ती थांबवणं हेही तिचंच काम. मराठीत कुणी नैतिकता समिती म्हणतं, कुणी आचारनीती समिती; हॉस्पिटलात सगळे एथिक्स कमिटीच म्हणतात.

सरकारची परवानगी असते, डॉक्टर शिकलेले असतात. मग वेगळी कमिटी कशाला?

सरकार औषधाकडे दिल्लीतून बघतं. तुमच्या गावच्या हॉस्पिटलात, तुमच्या वॉर्डात, तुमच्या आईला कुणी काय सांगून सही घेतली हे तिथून दिसत नाही. आणि ट्रायल करणारा डॉक्टर कितीही सज्जन असला तरी त्याला पेशंट हवे असतात, निकाल हवा असतो, बऱ्याचदा कंपनीकडून त्याच्या विभागाला पैसेही येणार असतात. अशा वेळी ज्याला त्या निकालातून काही मिळवायचं नाही, अशा कुणीतरी मधे उभं राहावं लागतं.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे धैर्य मोठंच होतं. पण त्यानंतर लस दिली गेली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या, तयारी दाखवलेल्या कैद्यांना. तुरुंगातला माणूस 'हो' म्हणतो तेव्हा तो किती मोकळेपणाने म्हणतो? आजच्या नियमांत कैदी 'असुरक्षित गटात' येतात आणि त्यांच्यावर संशोधन करायचं तर कमिटी जास्त काटेकोर होते.

अलीकडचं उदाहरण जास्त बोचणारं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका प्रकल्पात दिली गेली. एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवण्यात आला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींच्या बऱ्याच संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. ही लस आज जगभर दिली जाते आणि ती चांगली लस आहे, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. पण लस चांगली असली म्हणून मुलीच्या आईला न विचारणं चालत नाही.

कायदा कोणता लागू होतो?

'नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९'. ते मार्च २०१९ मध्ये लागू झाले. त्याआधी २०१३ पासून कमिट्यांना नोंदणी सक्तीची झाली होती. त्या सुमारास इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती आणि बरेच बदल त्या रेट्याने झाले. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची म्हणजे आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कायदा चौकट देतो. रोजच्या कामात अडलं की आम्ही आयसीएमआरचं पुस्तक उघडतो.

कमिटीत कोण कोण असतं?

कमीत कमी सात जण. त्यात डॉक्टर आणि वैज्ञानिक असतातच, पण एक कायदा जाणणारी व्यक्ती, एक सर्वसामान्य व्यक्ती, निदान एक स्त्री, आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांपैकी कुणीतरी एक हवं. निम्मे किंवा त्याहून जास्त सदस्य त्या संस्थेशी संबंध नसलेले हवेत. अध्यक्ष बाहेरचाच हवा. सदस्य सचिव मात्र संस्थेतला असतो, कारण फायली, पत्रव्यवहार आणि रोजची धावपळ त्याच्याकडे असते.

हॉस्पिटलचे डीन किंवा मालक डॉक्टर कमिटीवर असू शकतात का?

आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार संस्थाप्रमुखाने सदस्य असू नये. कारण उघड आहे. ज्याच्या हातात तुमचं प्रमोशन आहे त्याच्यासमोर त्याच्याच विभागाची ट्रायल नाकारायला किती जण धजावतील? छोट्या खासगी हॉस्पिटलांत याकडे फार काणाडोळा होतो. मालकांचे मित्र, मालकांचे वकील, मालकांच्या शाळेतले सर असे 'बाहेरचे' सदस्य जमवले की कागदावर सगळं बरोबर दिसतं. नियमाने हे पकडता येत नाही. अशा ठिकाणी सदस्य व्हायचं बोलावणं आलं तर आधी त्यांच्याकडे मागच्या वर्षभरात किती प्रस्तावांत दुरुस्त्या सुचवल्या गेल्या हे विचारा. सगळेच पहिल्या फटक्यात मंजूर झाले असतील तर समजून घ्या.

मला 'सर्वसामान्य व्यक्ती' म्हणून बोलावलंय. मला वैद्यकातलं काही कळत नाही. मी काय करणार?

कळत नाही म्हणूनच बोलावलंय. आयसीएमआरच्या व्याख्येप्रमाणे ही व्यक्ती साक्षर असावी, गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय क्षेत्रात काम केलेली नसावी, आणि स्थानिक भाषा व रीतीभाती जाणणारी असावी. औषधाचा डोस बरोबर आहे का हे फार्माकॉलॉजीचे सर बघतील. तुम्ही बघायचं ते असं: पेशंटला पंधरा दिवसांनी एकदा सकाळी उपाशीपोटी यायला सांगितलंय, तर बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं कोण देणार? सोबत येणाऱ्या माणसाचं काय? बाईला घरी न सांगता गर्भनिरोधक वापरायची अट पाळता येणार आहे का? पहिल्या पानावर "मोफत उपचार" ठळक छापलंय आणि धोके नवव्या पानावर बारीक अक्षरात का?

असे प्रश्न तज्ज्ञांच्या मनात येत नाहीत असं नाही, पण त्यांची नजर दुसरीकडे असते. मी बैठकींत पाहिलंय, सगळ्यात मोठे बदल अशाच एखाद्या साध्या प्रश्नाने झाले आहेत. पहिल्या दोन-तीन बैठकींत इंग्रजी संज्ञांचा मारा होतो, दडपण येतं. न कळलेली गोष्ट तिथल्या तिथे विचारायची. प्रमुख संशोधकाला ती तुम्हाला समजेल अशी सांगता येत नसेल, तर तो ती पेशंटला काय सांगणार? नियमाप्रमाणे सदस्यांना प्रशिक्षण द्यावं लागतं, ते मागून घ्या. थोडं मानधन मिळतं, ते घेण्यात गैर काही नाही.

नोंदणी कुठे आणि किती वर्षांची?

औषधांच्या ट्रायल बघणाऱ्या कमिटीला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे नोंदणी करावी लागते. अर्ज सीटी-०१ या नमुन्यात, प्रमाणपत्र सीटी-०२ मध्ये. मुदत पाच वर्षं, मग नूतनीकरण. औषध नियंत्रणाच्या कक्षेत न येणारं संशोधन बघणाऱ्या कमिटीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे होते. मोठ्या मेडिकल कॉलेजात एकच कमिटी दोन्हीकडे नोंदलेली असते. महाराष्ट्रातल्या कमिटीच्या नोंदणी क्रमांकात 'ईसीआर' आणि 'एमएच' ही अक्षरं दिसतात. मंजुरीच्या पत्रावर हा क्रमांक नसेल तर विचारा.

आमच्या हॉस्पिटलला स्वतःची कमिटी नाही. ट्रायल करता येईल का?

येईल. त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या नोंदणीकृत कमिटीची मंजुरी चालते. पण मंजुरी देणारी कमिटी मग तुमच्या हॉस्पिटलात चाललेल्या ट्रायलला पूर्ण जबाबदार असते. अंतराची अट त्यासाठीच आहे: तक्रार आली तर उठून जाऊन बघता आलं पाहिजे.

बैठकीत प्रत्यक्ष काय होतं?

बैठकीच्या काही दिवस आधी फाइल घरी येते, हल्ली बहुतेक ईमेलवर. तिच्यात ट्रायलचा आराखडा असतो, औषधाविषयी आतापर्यंत जमलेली माहिती, इंग्रजी-मराठी-हिंदी संमतीपत्रं, भाषांतर बरोबर असल्याचा दाखला, विम्याची पॉलिसी, कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यातला करार, बजेट, आणि संशोधकाची माहिती. पेशंट मिळवण्यासाठी पोस्टर लावणार असतील तर त्याचा मजकूरसुद्धा आधी दाखवावा लागतो.

बैठक सुरू होताना सचिव गणसंख्या मोजतात. पाच जण पुरेत, पण ते कुणीही पाच नव्हेत: एक वैद्यकीय शास्त्रज्ञ, शक्यतो फार्माकॉलॉजीचा, एक पेशंट बघणारा डॉक्टर, एक कायदेतज्ज्ञ, एक समाजशास्त्र, स्वयंसेवी संस्था किंवा नीतिशास्त्राच्या बाजूचा, आणि एक सर्वसामान्य व्यक्ती. वकील आले नाहीत तर आठ डॉक्टर हजर असूनही बैठक भरत नाही. आमच्याकडे असं होतं तेव्हा चहा पिऊन सगळे परत जातात आणि संशोधक वैतागतात. वैतागू देत.

मग ज्याचा त्या ट्रायलशी काही संबंध आहे तो तसं सांगतो आणि त्या प्रस्तावाच्या निर्णयातून बाजूला होतो. संशोधक आराखडा मांडतात, प्रश्नांना उत्तरं देतात आणि बाहेर जातात. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. सहकाऱ्याच्या तोंडावर "तुमच्याकडे आधीच चार ट्रायल आहेत, पाचवीला वेळ कुठून देणार" असं विचारणं जड जातं. दार लागल्यावर खरी चर्चा होते. शक्यतो एकमताने, नाहीच जमलं तर मतदानाने निर्णय होतो: मंजूर, दुरुस्त्या करून पुन्हा आणा, किंवा नामंजूर. 'दुरुस्त्या' हाच निर्णय सगळ्यात जास्त वेळा होतो, आणि चांगल्या कमिटीत तो व्हायलाच हवा.

मंजुरीच्या पत्रात कोण हजर होतं आणि कागदपत्रांच्या कोणत्या आवृत्तीला, कोणत्या तारखेच्या, मान्यता दिली हे लिहिलेलं असतं. ही आवृत्तीची भानगड कारकुनी वाटते. तशी ती नाही, ते पुढे सांगते.

संमतीपत्रात कमिटी काय शोधते?

ट्रायल हे संशोधन आहे, नेहमीचा उपचार नाही, हे स्पष्ट लिहिलंय का. औषध मिळेल की औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार असेल तर ते तसं सांगितलंय का. ट्रायलमध्ये आलो नाही तर दुसरा कोणता उपचार उपलब्ध आहे. मधेच कधीही बाहेर पडता येईल आणि त्याने नेहमीच्या उपचारावर परिणाम होणार नाही. इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई कशी. कमिटीचा फोन नंबर.

फॉर्मवर पेशंटचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव, पत्ता, नातं लिहायला जागा असते. वारसाचं नाव कशाला, असं बरेच जण दचकून विचारतात. मृत्यू ओढवला तर भरपाई कुणाला द्यायची यासाठी. ते रिकामं ठेवू नका.

वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार सगळा वेळ हजर हवा आणि त्याची सही हवी. लहान मुलांसाठी पालकांची संमती. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या वयाला कळेल असं सांगून त्याचाही होकार घेतात, बारा ते अठरा वयात तो लेखी. पूर्णपणे नवीन रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधी द्रव्याच्या, ट्रायलमध्ये असुरक्षित गटातली व्यक्ती असेल तर संमतीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी चेहरा दिसू नये म्हणून फक्त आवाज. सही केलेल्या कागदाची प्रत तुमची आहे, ती मागून घ्या.

मंजुरी दिली की काम संपलं?

तिथेच ते सुरू होतं, आणि आपल्याकडच्या कमिट्या नेमक्या तिथेच कमी पडतात. मंजुरीसाठी आम्ही दोन-दोन तास भांडतो आणि मग वर्षभर संशोधक पाठवील तो अहवाल वाचून फाइल बंद करतो. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कमिटीला प्रत्यक्ष जाऊन बघण्याचा अधिकार आहे. गेलात तर बघायचं काय? संमतीपत्रांचा गठ्ठा उघडा. सहीशेजारची तारीख पेशंटच्या हातची आहे का, की सगळ्या तारखा एकाच अक्षरातल्या आहेत? सहीची तारीख आणि पहिल्या रक्ततपासणीची तारीख शेजारी ठेवा. तपासणी आधीची आणि सही नंतरची निघाली, तर त्या पेशंटला न विचारताच ट्रायल सुरू झाली होती. आणि फॉर्मच्या तळाशी छापलेली आवृत्ती बघा. मधल्या काळात नवीन दुष्परिणाम कळला, कमिटीने सुधारित फॉर्म मंजूर केला, पण वॉर्डात जुनाच गठ्ठा वापरला जातोय, असं झालं तर नव्या पेशंटना तो धोका कुणी सांगितलेलाच नाही. आवृत्तीची भानगड म्हणजे ही.

ट्रायलमध्ये पेशंटला काही गंभीर झालं तर?

संशोधकाला ते घडल्यापासून २४ तासांत कमिटीला, कंपनीला आणि औषध नियंत्रकांना, म्हणजे सीडीएससीओच्या प्रमुखांना, कळवावं लागतं. १४ दिवसांत कारणमीमांसेचा सविस्तर अहवाल. मृत्यू झाला असेल तर कमिटी अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत स्वतःचं मत, भरपाईच्या रकमेसह, औषध नियंत्रकांना पाठवते. अंतिम आदेश औषध नियंत्रकांचा. आदेशानंतर ३० दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे.

इजा ट्रायलमुळे झाली नाही हे सिद्ध होईपर्यंत, किंवा संशोधकाच्या मते गरज असेल तोपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर उपचार मोफत. 'ट्रायलमुळे' याचा अर्थही फक्त औषधाची रिॲक्शन असा नाही. आराखडा मोडल्याने झालेली इजा, निष्काळजीपणा, चांगला उपचार उपलब्ध असताना रिकामी गोळी दिल्याने झालेलं नुकसान, तपासणीच्या प्रक्रियेतली इजा, पोटातल्या बाळाला झालेली इजा, हे सगळं त्यात येतं. नातेवाइकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते.

भरपाई किती असते?

सूत्र ठरलेलं आहे. मूळ रक्कम आठ लाख. तिला वयाच्या गुणकाने आणि आजाराच्या धोक्याच्या गुणकाने गुणायचं आणि ९९.३७ ने भागायचं. वयाचा गुणक कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यातून येतो. धोक्याचा गुणक अर्ध्यापासून, म्हणजे आयुष्य सहा महिन्यांहून जास्त उरलेलं नाही अशा पेशंटपासून, चारपर्यंत, म्हणजे निरोगी स्वयंसेवकापर्यंत.

समजा ५० वर्षांचा, मध्यम धोक्याचा पेशंट दगावला. वयाचा गुणक १५३.०९, धोक्याचा २. आठ लाख गुणिले १५३.०९ गुणिले २, भागिले ९९.३७: साधारण २४ लाख ६५ हजार रुपये. या सूत्राने खालची रक्कम चार लाख आणि वरची सुमारे ७३ लाख ६० हजार येते. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असलेल्या पेशंटसाठी मात्र सरसकट दोन लाख आहेत. कायमच्या अपंगत्वासाठी याच आकड्यावरून प्रमाणात हिशेब होतो.

मरणाच्या दारातल्या माणसाची किंमत कमी धरणारं हे गणित मला पटत नाही. पण आकडा ठरलेला असल्याने नातेवाइकांना दारोदार घासाघीस करावी लागत नाही, हेही खरं.

कमिटी कंपनीकडून पैसे घेते का?

प्रस्ताव तपासण्याची फी घेते, ते नियमाला धरून आहे. फी निकालावर अवलंबून नसावी आणि हिशेब खुला असावा, एवढंच.

एका कमिटीने नाकारलं तर दुसरीकडे जाता येतं?

येतं, पण गुपचूप नाही. त्याच जागेसाठी दुसऱ्या कमिटीकडे जाण्याआधी नकाराचा तपशील औषध नियंत्रकांना द्यावा लागतो.

एमडीच्या प्रबंधाला किंवा नुसत्या प्रश्नावलीलाही कमिटी लागते का?

माणसांवरचं कोणतंही आरोग्य संशोधन कमिटीसमोर यायला हवं, आयुर्वेदातलंसुद्धा. फक्त सगळ्यांना पूर्ण बैठक लागत नाही. अगदी कमी धोक्याचं काम असेल तर दोन-तीन सदस्य लवकर तपासून देतात, आणि नाव-गाव नसलेल्या, आधीच सार्वजनिक असलेल्या माहितीवरच्या अभ्यासाला सूट मिळू शकते. सूट आहे की नाही हे मात्र कमिटी ठरवते, विद्यार्थ्याने किंवा गाइडने नव्हे. बाजारात असलेल्या औषधाचा शैक्षणिक ट्रायल, जो कंपनीला परवाना मिळवून देण्यासाठी नाही, त्याला औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी सहसा लागत नाही, कमिटीची लागतेच.

पेशंटने किंवा नातेवाइकाने थेट कमिटीला फोन केला तर चालतो?

चालतो, नंबर त्यासाठीच छापलेला असतो. डॉक्टरांना राग येईल म्हणून बरेच जण करत नाहीत. फोन करताना संमतीपत्राची प्रत हाताशी ठेवा, ट्रायलचं नाव आणि काय झालं ते तारखांसह सांगा, आणि जमलं तर लेखीही द्या. दाद लागली नाही तर सीडीएससीओकडे तक्रार करता येते. त्यांना कमिटीची नोंदणी निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे.

ट्रायल खरी आणि नोंदलेली आहे हे घरबसल्या कसं बघायचं?

भारतातल्या ट्रायलची नोंद 'सीटीआरआय' या सार्वजनिक नोंदवहीत असते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नियंत्रकांनी ती सक्तीची केली. पहिला पेशंट घेण्याआधी नोंद व्हायला हवी. संमतीपत्रावरचा सीटीआरआय क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर टाकला की ट्रायल कुठल्या हॉस्पिटलांत चालू आहे, पैसे कोण देतंय आणि कोणत्या एथिक्स कमिटीने कधी मंजुरी दिली हे दिसतं. तुमच्या हॉस्पिटलचं नाव त्या यादीत नसेल तर सही करण्याआधी कमिटीला फोन करा.